जुन्या भयपटांची पोस्टर्स आणि लॉबी कार्डं: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत जमवायची आणि जपायची कशी

आधी घरात जागा करा, मग खरेदीला निघा. ठाणे असो की वाशी-नेरूळ, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते, आणि 65 च्या पुढे गेली की कागद बुरशी धरू लागतो. पोस्टरं चोरीला जाऊन किंवा फाटून जितकी जातात, त्याहून जास्त ओलीने जातात.

मापं लक्षात ठेवली की जागेचा हिशेब सुटतो. हिंदी चित्रपटांचं नेहमीचं पोस्टर साधारण 30×40 इंच, अर्ध्या मापाचं 20×30. इंच-दोन इंच कमीजास्त चालायचंच. जुनं अमेरिकन वन-शीट (म्हणजे तिकडचं नेहमीचं पोस्टर) 27×41 इंच, आणि तिकडची लॉबी कार्डं (थिएटरच्या लॉबीत लावायची, चित्रपटातल्या दृश्यांची कार्डं) 11×14 इंचांची, बहुतेकदा आठाच्या सेटमध्ये. आपल्याकडच्या लॉबी कार्डांच्या सेटमध्ये संख्या ठरलेली नसते. त्यामुळे ‘पूर्ण सेट’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर पूर्ण कशावरून, हे आधी विचारा.

30×40 चा कागद साध्या कपाटाच्या कप्प्यात आडवा मावत नाही. पलंगाखाली सपाट ठेवणं हाच सोयीचा मार्ग. सनपॅकचे (नालीदार प्लास्टिक शीटचे) 32×42 इंचांचे दोन तुकडे कापून घ्या आणि मध्ये पोस्टरं ठेवा. दर दोन पोस्टरांमध्ये अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) टिश्यू कागद घाला. एका गठ्ठ्यात पंधरा-वीसपेक्षा जास्त नकोत, नाहीतर खालचं काढताना वरच्यांच्या कडा फाटतात. गठ्ठा जमिनीपासून चार-सहा इंच वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब हवा. पाऊस झोडपतो त्या भिंतीला आतून ओल येतेच. माळा नको, तिथे उन्हाळ्यात कागद भाजून निघतो. कच्च्या प्लायवूडची पेटीही नको: तिच्या वाफांनी कागद पिवळा पडतो.

आता खरेदी. भयपटांत एक धागा पकडा, नाहीतर घर भरेल आणि संग्रह होणार नाही. ‘महल’ (1949), ‘बीस साल बाद’ (1962), ‘वो कौन थी’ (1964) हा सावल्यांचा आणि धुक्याचा काळ एक. रामसे बंधूंचा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (1972) पासून ‘पुराना मंदिर’ (1984), ‘वीराना’ (1988) पर्यंतचा दुसरा. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) हाताला लागला तर सोडू नका.

मुख्य बाजार म्हणजे चोर बाजारातली मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात. ठाण्याहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरा, कारण फास्ट तिथे थांबत नाही. नवी मुंबईकरांना हार्बरनेही तेच स्टेशन. परतीला संध्याकाळची गर्दी टाळा आणि नळसामानाच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा 33 इंचांचा तुकडा, दोन एंड कॅपसकट, आधीच नेऊन ठेवा. पाइप फक्त वाहतुकीसाठी आहे. घरी आल्यावर पोस्टर त्यातून काढायचंच. जवळपासच्या रद्दीवाल्यांनाही सांगून ठेवा: एकपडदा थिएटर बंद पडलं की गोदामातले फोटो-सेट किलोच्या भावाने निघतात.

खिशात दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग आणि छोटी टॉर्च ठेवा. पोस्टरच्या तळाशी मुद्रकाचं नाव-पत्ता बारीक अक्षरांत असतो. तिथे भिंग लावा. अस्सल ऑफसेट छपाईत ही काळी अक्षरं भरीव शाईची, कडा स्वच्छ. पोस्टर स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि कडा विरघळल्यासारख्या. मग टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि घडीवरून बोट फिरवा. खऱ्या घडीला उंचवटा लागतो, आणि दोन घड्या छेदतात तिथे शाई उडून आतला पांढरा कागद दिसतो. नकलेत घडी नुसती छापलेली असते: डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही.

पत्ताही बोलतो. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. ‘बीस साल बाद’च्या पोस्टरवर सहा आकडी पिन असेल, तर ते पहिल्या प्रदर्शनाचं नाही, फार तर पुनःप्रदर्शनाचं. ‘वीराना’वर इंग्रजीत बॉम्बेऐवजी मुंबई असेल, तर ते 1995 नंतरचंच समजा. पुनःप्रदर्शनाचं पोस्टर खोटं नसतं, फक्त त्याला पहिल्याचा भाव देऊ नये.

कडा झिजलेल्या, टाचणीची भोकं, मागे वितरकाचा शिक्का, हे सगळं चालतं. चेहरा किंवा शीर्षक फाटलेलं असेल तर भाव निम्म्यावर आणा. लॅमिनेट केलेलं पोस्टर घेऊच नका, ते प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. आणि निळसर पडलेल्या पोस्टरला ‘जुना रंग’ म्हणून भुलू नका. उन्हात पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, त्यामुळे भयपटाचं रक्तच नाहीसं होतं आणि चेहरा निळा उरतो.

आपल्याकडच्या लॉबी कार्डांत फोटो बऱ्याचदा कार्डावर चिकटवलेले असतात. डिंक सुकून कोपरा उचलला असेल तर ओढू नका, फेव्हिकॉलही लावू नका. दमट हवेत फोटोंचा वरचा थर चिकट होतो आणि एकावर एक ठेवलेली कार्डं कायमची जुळतात. म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र पॉलिएस्टर स्लीव्ह हवं. स्टेशनरीतले मऊ पीव्हीसी फोल्डर शाई ओढून घेतात.

फाटलेल्या जागी सेलोटेप कधीच नाही: तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. मागून जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावा, वर ब्लॉटिंग पेपर आणि काच ठेवून दाबा. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. जुलैत खळ सुकत नाही आणि तिलाच बुरशी येते. अख्खं पोस्टर मागून मांजरपाटावर चढवायचं असेल तर जाणकाराकडेच द्या.

भिंतीवर लावायचंच असेल तर चांगली स्कॅन-प्रत लावा, मूळ सपाट राहू दे. मूळच लावायचं असेल तर फ्रेमला काचेऐवजी यूव्ही (अतिनील किरणं अडवणारं) अ‍ॅक्रिलिक घ्या आणि कागद व अ‍ॅक्रिलिकमध्ये तीन ते पाच मिलिमीटरचा स्पेसर ठेवा. चिकटून बसलेला कागद पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिकलाच धरतो.

सिलिका जेल हवाबंद झाकणाच्या डब्यातच उपयोगी, म्हणजे लॉबी कार्डांसाठी. नारंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास सुकवून परत वापरा. पलंगाखालच्या गठ्ठ्याशेजारी डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, आणि आकडा 60 च्या वर राहिला तर खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड चालवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला गठ्ठा उघडा. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर तो कागद लगेच वेगळा करा, कोरड्या जागी सुकू द्या, आणि मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशी कागदात आणखी खोल जाते.