क्लायंटबद्दल ओढ वाटते? मग या चुका टाळा

नव्या थेरपिस्टना सुपरव्हिजन देताना, म्हणजे त्यांच्या केसेसवर बोलून मार्गदर्शन करताना, त्याच त्या चुका पाहते, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प बसणं. चांगल्या थेरपिस्टला असं काही वाटतच नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. १९८६ साली पोप, कीथ-स्पीगल आणि टॅबॅकनिक या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाचशेहून जास्त मानसशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ८७ टक्के लोकांनी कधी ना कधी क्लायंटबद्दल लैंगिक आकर्षण वाटल्याचं सांगितलं. ते लपवलं की गुपचूप कामात शिरतं.

कसं शिरतं, ते मी भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत माझा एक क्लायंट गुरुवारी संध्याकाळी सगळ्यात शेवटी यायचा. ती वेळ मीच सुचवली होती. पन्नास मिनिटांचं सेशन सव्वा तासावर जायचं. त्याच्या बायकोचा विषय निघाला की मी बोलणं दुसरीकडे वळवायचे. सुपरव्हिजनमध्ये मात्र दर वेळी दुसऱ्याच केसेस काढायचे. शेवटी सुपरव्हायजरनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "याच्या नोंदी बाकीच्यांच्या दुप्पट आहेत, आणि याच्याबद्दल तू एक शब्द बोलत नाहीस. का गं?" मला रडूच फुटलं. पुढच्या गुरुवारी सेशन वेळेत संपलं आणि त्याच्या लग्नाबद्दल आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. त्याचे तीन महिने माझ्यामुळे वाया गेले, ते अजून सलतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: एखाद्याच्या सेशनच्या दिवशी कपड्यांचा जास्त विचार झाला, वेळ लांबली किंवा फी मागायला जीभ अडखळली, की त्याच आठवड्यात सुपरव्हिजनमध्ये पहिला विषय तो.

दुसरी चूक पाहिली की मला राग येतो: "प्रामाणिकपणा" म्हणून क्लायंटलाच सांगून टाकणं. तुमचं मन हलकं होतं, पण ओझं त्याच्या डोक्यावर चढतं. मोकळं बोलायची त्याची ती एकच जागा असते, आणि आता तिथेही त्याने तुमचं मन सांभाळायचं!

घाईघाईने दुसऱ्या थेरपिस्टकडेही पाठवू नका. क्लायंटला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. आधी सुपरव्हिजन, मग गरजच पडली तर रेफरल.

आणि "थेरपी संपल्यावर चालतं" हे तर बोलूच नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता त्यानंतरही किमान दोन वर्षं लैंगिक संबंधांना मनाई करते, आणि पुढेही अगदी अपवादात्मक परिस्थितीतच मुभा देते. तुम्ही मनात ही दोन वर्षं मोजायला लागला असाल, तर आजच सुपरव्हायजरना फोन करा.