ॲनोड लेथवर चढवण्याआधी प्लाझ्मा फोकसचं सिम्युलेशन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ॲनोड (यंत्राचा मधला तांब्याचा दांडा) टर्न करून मिळेल, पण त्याची लांबी चुकली तर तांबंही गेलं आणि मजुरीही. म्हणून प्लाझ्मा फोकसचं, म्हणजे कपॅसिटरचा करंट वायूत सोडून दाट प्लाझ्मा तयार करणाऱ्या यंत्राचं, गणित आधी लॅपटॉपवर सोडवून घ्या. भौतिकशास्त्रज्ञ सिंग ली यांचं मॉडेल एक्सेलच्या मॅक्रोवर चालतं. सुरुवात स्वतःच्या डिझाइनपासून करू नका, ज्याचा करंटचा आलेख प्रसिद्ध आहे असं यंत्र घ्या. ३ किलोज्यूलचं यूएनयू-आयसीटीपी (संयुक्त राष्ट्र विद्यापीठ आणि ट्रिएस्टचं भौतिकशास्त्र केंद्र) यंत्र त्यासाठी उत्तम.

त्याचे आकडे असे: कपॅसिटर बँक ३० मायक्रोफॅरड, इंडक्टन्स ११० नॅनोहेन्री, रोध १२ मिलिओहम, कॅथोडची त्रिज्या ३.२ सेमी, ॲनोडची ०.९५ सेमी, लांबी १६ सेमी. व्होल्टेज १४ किलोव्होल्ट, ड्युटेरियम ३.५ टॉर. वस्तुमान आणि करंटचे गुणक (प्लाझ्माचा थर वाटेतल्या वायूचा आणि करंटचा किती अंश घेतो ते) अक्षीय टप्प्यात, म्हणजे थर ॲनोडच्या लांबीवरून सरकताना, ०.०८ आणि ०.७, त्रिज्यीय टप्प्यात, म्हणजे तो टोकाशी अक्षाकडे आवळताना, ०.१६ आणि ०.७ धरा. करंटचं शिखर १७० किलोॲम्पिअरच्या आसपास आणि अक्षीय टप्प्याच्या शेवटी वेग मायक्रोसेकंदाला ९-१० सेमी आला, तर गाडी रुळावर आहे. २०० च्या जवळ गेलात, तर सरकणाऱ्या थराचा इंडक्टन्स सर्किटमध्ये धरलाच गेलेला नाही.

कोड स्वतः लिहिणार असाल, तर पहिली ठेच शून्य क्षणाला लागते. थराने अजून वायू गोळा केलेला नसतो, वस्तुमान शून्य, आणि प्रवेगाच्या समीकरणात शून्याने भागाकार होतो. उपाय साधा आहे: सुरुवातीला करंट वेळेच्या प्रमाणात आणि अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं धरून पहिली पायरी हाताने भरा. अक्षीय टप्प्यात १ नॅनोसेकंदाची पायरी चालते. पिंच, म्हणजे शेवटी आवळलेला दाट प्लाझ्मा, मात्र जेमतेम १० नॅनोसेकंद टिकतो, तेव्हा त्रिज्यीय टप्प्यात पायरी निदान दहापट लहान करा.

दाबाच्या रकान्यात निरपेक्ष दाब लागतो. साधा व्हॅक्यूम डायल गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाचतो, आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच असल्याने इथली हवाच ७१० टॉरच्या आसपास भरते. ७६० मधून वजाबाकी केलीत, तर साडेतीन टॉरच्या जागी पन्नासेक टॉर भराल. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ड्युटेरियमच्या रेणूत दोन अणू असतात हे विसरणं. मग पिंचची घनता थेट निम्मी दिसते.

घनता आणि तापमान मात्र शेवटी बघा. आधी मोजलेल्या करंटवर मॉडेलचा करंट बसवा, तो बसल्याशिवाय बाकीचे आकडे नुसती शोभा. शिखर कमी आणि लवकर येत असेल तर अक्षीय वस्तुमान-गुणक वाढवा, थर मंदावेल. करंट-गुणक वाढवला की उलट होतं. एका वेळी एकच गुणक हलवा. शिखर जुळल्यावर त्रिज्यीय गुणकांनी डिपचा, म्हणजे करंटच्या आलेखातल्या अचानक घसरणीचा, उतार जुळवा.

इथे बरेच जण फसतात. ११० नॅनोहेन्रीसारख्या जास्त इंडक्टन्सच्या यंत्रात मोजलेला डिप मॉडेलपेक्षा खोल जातो. तो जादा भाग पिंचनंतरच्या असाधारण रोधाचा असतो. मूळ मॉडेलमध्ये तो नाही, त्यामुळे तिथवर रेघ ओढायला गुणक ताणू नका. डिपचा पहिला तुकडा जुळला की थांबा आणि मग ॲनोडची लांबी बदलून पाहा.