बालकलाकार होता, आता अठरा पूर्ण झाली: पुढे काय?

ऑडिशनच्या खोलीत कुणी "तू त्या मालिकेत होतास ना?" असं विचारलं की घरच्यांना वाटतं, निम्मं काम झालं. खरं तर विचारणारा समोरच्या चेहऱ्यात जुनं गोंडस पोर शोधत असतो. ते सापडलं नाही की ओळखीचा उपयोग तिथेच संपतो. सहा-सात ते बारा-तेरा या वयात मालिका, जाहिराती, सिनेमे केलेली आणि आता दहावी ते पदवीच्या टप्प्यावर असलेली मुलंमुली या लिखाणाचे वाचक आहेत. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं, कारण निम्मे कागद त्यांच्याच कपाटात असतात.

आधी पैसा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये तिचे नियम आले. त्यानुसार निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांच्या वर चित्रीकरण ठेवता येत नाही. शिवाय मुलाच्या मानधनाचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावे लागतात आणि ती रक्कम सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. दिवसाला ५,००० रुपये आणि ४० दिवस काम झालं असेल तर मानधन २ लाख, म्हणजे ठेव ४० हजारांची हवी. अठरा पूर्ण होण्याआधी सहा महिने बसा आणि प्रत्येक कामाची एक ओळ लिहा: निर्मिती संस्था, दिवस, एकूण मानधन, कापलेला टीडीएस (मानधनातून आधीच कापून घेतलेला कर), ठेवीची पावती आहे की नाही. पावतीचा रकाना रिकामा दिसला तर संस्थेला लगेच मेल टाका. प्रॉडक्शनमधली माणसं वर्षा-दोन वर्षांत बदलतात, नंतर तो विषय माहीत असलेलं कुणी उरत नाही.

इथे एक मेख आहे आणि ती फार कमी पालकांच्या लक्षात येते. या कायद्यात 'बालक' म्हणजे चौदा वर्षांखालचं मूल. चौदा ते अठरा या वयात ते २० टक्के आपोआप बाजूला पडत नाहीत. हवे असतील तर करारात कलम घालून घ्यावं लागतं, नाहीतर आईवडिलांनी स्वतः शिस्तीने वेगळे ठेवावे लागतात.

कराचं गणितही याच वहीत ठेवा. अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलाचं उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण स्वतःच्या कौशल्यातून मिळवलेलं मानधन याला अपवाद आहे. त्याचं विवरणपत्र मुलाच्या पॅनवर, पालकाने भरायचं. ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात जातं. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापलेला असतो. मुलाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. बरीच घरं ते भरतच नाहीत आणि हजारो रुपये सरकारजमा राहतात.

अठरा झाल्यावर बँकेत नवं केवायसी करावं लागतं, नमुना सही द्यावी लागते, पालकाचा व्यवहाराचा अधिकार थांबतो. अज्ञानाच्या पॅनकार्डावर फोटो आणि सही नसते, ती अद्ययावत करून घ्या. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि श्रेयनामावलीत ज्योतिषाने सुचवलेलं तिसरं, जास्तीच्या 'ए'सकट. ठेव तिसऱ्या नावाने असेल तर बँक प्रतिज्ञापत्र मागते. पावती हरवली असेल आणि ठेव दहा वर्षं पडून असेल, तर बेवारस ठेवी शोधण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधून पाहा.

आता मधली वर्षं. तेरा ते सतरा या काळात आवाज फुटतो, उंची वाढते, दातांना तारा लागतात, आणि कामं थांबतात. यात मुलाची चूक शोधू नये. गोष्टीतल्या लहान मुलाला मालिकेत 'लीप' घेऊन, म्हणजे कथा काही वर्षं पुढे नेऊन, मोठं केलं जातं आणि तिथे अठरा पूर्ण झालेला, पण पंधरा-सोळाचा दिसणारा कलाकार घेतला जातो. त्याच्याबरोबर पालक बसवावा लागत नाही, दहावीचं वेळापत्रक आड येत नाही. म्हणजे तुमचं वय तेव्हा गैरसोयीचं असतं, आणि अठरानंतर तोच कोवळा चेहरा सोयीचा ठरतो.

या काळात कॅमेऱ्यासमोर टिकून राहण्याची धडपड करण्यापेक्षा शाळा नीट करावी, हे आमचं ठाम मत. हजेरी बुडाली असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतूनही दहावी-बारावी करता येते. पदवीचा उपयोग पुढे फक्त 'दुसरा पर्याय' म्हणून नसतो. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेचा अभिनयाचा अभ्यासक्रम आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी), दोन्हीकडे पदवी लागते. बारावीनंतर कॉलेज सोडलेल्यांना हे बाविसाव्या वर्षी कळतं.

मधल्या वर्षांचे तीन वेगवेगळे नमुने मराठी कलाकारांतच आहेत. सचिन पिळगांवकर १९६३ मध्ये बालकलाकार म्हणून आले, मधेही कामं करत राहिले आणि १९७५ मध्ये नायक झाले. महेश कोठारेही १९६३ चेच बालकलाकार. त्यांनी मधे कायद्याचं शिक्षण घेऊन वकिली केली आणि १९८५ मध्ये 'धूमधडाका' दिग्दर्शित केला. उर्मिला मातोंडकर १९८३ च्या 'मासूम'मध्ये लहान मुलगी होती, आणि हिंदीत नायिका म्हणून दिसली ती १९९१ मध्ये. म्हणजे आठ वर्षं.

प्रशिक्षणाबद्दल जरा सविस्तर, कारण माजी बालकलाकार इथेच अडतात. मालिकेच्या सेटवर संवाद प्रॉम्प्ट करतात. मूल ऐकतं आणि म्हणतं, त्यामुळे पाठांतराची सवयच लागत नाही. दुसरी खोड म्हणजे आईने घरी म्हणून दाखवलेल्या चालीत वाक्य म्हणणं. तिसरी म्हणजे ठरावीक चार प्रतिक्रिया: डोळे मोठे करणं, ओठ काढणं, मान तिरकी करून हसणं, रडण्याआधी हनुवटी थरथरवणं. आठ वर्षांच्या मुलाला त्यावर टाळ्या मिळतात. एकोणिसाव्या वर्षी कास्टिंगवाले दुसऱ्या वाक्याला "थँक यू" म्हणतात.

यावर मुंबईत सर्वांत स्वस्त औषध कॉलेजची एकांकिका. रुईया, रुपारेल, साठ्ये, डहाणूकर अशा कॉलेजांत नाटकाची परंपरा आहे. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की तालमींची चौकशी करा. पहिल्या वर्षी भूमिका मिळेलच असं नाही. नेपथ्य उचला, प्रकाशयोजनेच्या क्यू लिहा, प्रॉम्प्टर व्हा. आधी 'तयार' कलाकार म्हणून मिरवलात तर ग्रुप दूर ठेवतो, हेही सांगून ठेवतो. वर्षभरातल्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' स्पर्धेत उतरतात. तिची अंतिम फेरी २५ जानेवारीच्या रात्री रंगते, ती एकदा प्रेक्षकांत बसून पाहाच. पदवीनंतर रंगभूमीचं रीतसर शिक्षण हवं असेल तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. घरी रोज एक पान गद्य पाठ करा आणि तेच तीन वेगवेगळ्या हेतूंनी म्हणा: मागण्यासाठी, लपवण्यासाठी, दुखावण्यासाठी. चाल मोडते.

परतायचं ठरलं की नवख्याच्या रांगेतून परता. फोटो चार पुरेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा. साधा टी-शर्ट, दिवसाचा उजेड, फिल्टर नको, आणि तीन महिन्यांपेक्षा जुने नकोत. ओळखीचा व्हिडिओ ३० ते ४० सेकंदांचा, मोबाइल आडवा धरून: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा, मग दोन्ही बाजूंनी चेहरा. बालपणीचं काम एका वाक्यात सांगा. शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या निवडक तुकड्यांच्या व्हिडिओत, जुनी क्लिप घालायचीच असेल तर शेवटी, दहा सेकंद. सुरुवातीलाच घातली तर पाहणाऱ्याच्या डोक्यात तोच चेहरा बसतो. सेल्फ-टेप (घरी स्वतः चित्रित केलेली ऑडिशन) करताना पंखा बंद, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, समोरचे संवाद म्हणणारा कॅमेऱ्याच्या शेजारी आणि तुमच्यापेक्षा हळू बोलणारा. डोंबिवली-ठाण्यात रुळांच्या जवळ घर असेल तर लोकलच्या दोन फेऱ्यांमधली फट साधा, कुकरची शिट्टी आईवर सोपवा.

वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये कास्टिंगची ऑफिसं एकमेकांना लागून आहेत; मालिकांचे सेट गोरेगावची चित्रनगरी, मढ, घोडबंदर रोड, नायगाव असे विखुरलेले. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याकडून उठून निघा. मानधन नवख्याचं मिळेल, आणि तेही बहुधा ९० दिवसांनी. म्हणून किमान वर्षभराचा खर्च हाताशी हवा. मुंबईत आईवडिलांचं घर असणं ही इथली सर्वांत मोठी सवलत आहे, बाहेरगावच्या मुलाचा निम्मा पैसा भाड्यात जातो.

वाट बघणं जड जात असेल, झोप उडाली असेल, जुने एपिसोड पुन्हा पुन्हा पाहिले जात असतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

अभिनयाशिवायही सेटवरची जाण विकली जाते. डबिंगमध्ये ओठांशी वाक्य जुळवण्याची सवय कामी येते. सहायक दिग्दर्शनात कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंतचा मेळ, ठेवायला तुम्हाला शिकवावं लागत नाही: कप कुठल्या हातात होता, हे तुम्ही सातव्या वर्षापासून लक्षात ठेवत आलात. लहान मुलांच्या दृश्यांसाठी तर दिग्दर्शकांना असा सहायक हवाच असतो.

राहिलं इन्स्टाग्राम. खातं आईच्या फोन नंबरवर आणि बंद पडलेल्या मेलवर असतं; अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात दोन्ही बदला, टू-स्टेप पडताळणी सुरू करा. आणि जुन्या जाहिरातींचे करार शोधून वापराची मुदत पाहा. मुदत संपूनही जाहिरात चालू दिसली तर तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि कलमाचा क्रमांक देऊन कोऑर्डिनेटर (काम जुळवून देणारा) व संस्था, दोघांना एकाच मेलमध्ये लिहा. फोनवर झालेलं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.