जुनी गाडी घेताना: आधी पत्रा, मग सुटे भाग, इंजिन शेवटी

विक्रीला येणाऱ्या जुन्या गाड्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक ‘सर्व्हायव्हर’: कधी पूर्ण खोललेली नाही, कारखान्यातून निघतानाचा बहुतेक रंग, सीटा, वायरिंग, इंजिन अजून तेच. दुसरी ‘प्रोजेक्ट’: मुळापासून काम मागणारी. जाहिरातीत हे शब्द फार सैल वापरतात. वीस वर्षांपूर्वी रंगवून शेडमध्ये टाकून दिलेली गाडीही धुळीखाली सर्व्हायव्हरच दिसते, त्यामुळे धुळीला भुलू नका.

मूळ रंग ओळखायला दाराचं रबर थोडं उचला. खाली वेगळ्या छटेची रेघ, काचेच्या रबरावर रंगाचे तुषार, बिजागरीच्या स्क्रूच्या खाचेत तुटलेला रंग, यातलं काहीही दिसलं तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर फारच उत्तम. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर गेला की रंगाचा दुसरा हात, आणि १००० च्या पुढे आकडा गेला म्हणजे खाली पुट्टी. सगळ्या काचांवरचे शिक्केही बघा. एकच काच वेगळ्या कंपनीची असेल तर त्या बाजूला कधीतरी काहीतरी आपटलं असावं, म्हणून तिथला पत्रा जास्त बारकाईने तपासा. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर मात्र जेमतेम वीस हजार किलोमीटर दाखवतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

पत्र्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इंजिनाचं काम कितीही मोठं वाटलं तरी ते मोजता येतं: इतक्या रिंगा, इतके बेअरिंग, एवढं बोअरिंग. गंजाचं तसं नाही. कापत गेलं की वाढतच जातो आणि बॉडीचं पूर्ण काम हजार तासांच्या पुढे सहज जातं. ज्या गाडीत वेगळी चासी नसते, म्हणजे मोनोकॉक, तिच्यात हा पत्राच गाडीचं वजन पेलत असतो. तिथला गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न उरत नाही.

दाराखालची उंबरठ्यासारखी पोकळ पट्टी, म्हणजे सिल, आधी बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका: चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टीने भरलेला बद्द. मग दार दोनदा उघडझाप करा, जॅक लावायच्या जागी जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचला आणि तेच दार पुन्हा लावून बघा. आधी सहज लागणारं दार आता खालच्या कोपऱ्यात घासत असेल तर सिलमध्ये ताकद उरलेली नाही. जॅकच पत्र्यात घुसला, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

मग पाणी साचतं त्या जागा: गालिच्याखालचा फरशीचा पत्रा, बॅटरीखालची तबकडी (तिथे ॲसिडही पडलेलं असतं), डिक्कीतला स्टेपनीचा खड्डा, समोरच्या काचेचे खालचे कोपरे, दारांचा तळ. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेर मोहरीएवढा फोड दिसतो तोवर आत चाळणी झालेली असते. फोक्सवॅगन बीटलमध्ये सिलमधूनच हीटरची गरम हवा जाते. ती जागा सडली की काम दुप्पट.

पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पुट्टी. मात्र जुन्या लँड रोव्हरवर ही परीक्षा लावू नका, कारण तिचा बाहेरचा बहुतेक पत्रा ॲल्युमिनियमचा. तिचा गंज चासीत आणि इंजिन-केबिनमधल्या पोलादी भिंतीत शोधायचा. जुन्या पत्र्यावर नवा तुकडा वेल्ड करून दडपलेला दिसला तर ते काम नव्यानेच करावं लागेल, हे धरून चाला. दोन थरांच्या फटीत ओल धरते आणि पुन्हा गंज सुरू होतो.

यानंतर काय काय नाही ते मोजा. वाकलेला भाग सरळ करता येतो, तुटलेला निदान नमुना म्हणून चालतो. नसलेला शोधत वर्षं जातात. क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डवरचे मीटर, हँडल, मागची काच, यांची यादी गाडीच्या पार्ट्स मॅन्युअलवरून जागेवरच टिपा. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या हँडल-बिल्ल्यांवर बारीक खड्डे पडले असतील तर नुसतं क्रोम चढवून ते बुजत नाहीत. खोक्यांत भरलेली, कुणीतरी खोलून अर्धवट सोडलेली गाडी फारच स्वस्त मिळत असेल तरच घ्या. दुसऱ्याच्या हातचे नट-बोल्ट जुळवण्यात जाणारा वेळ कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो.

चासी आणि इंजिनाचे नंबर कागदांशी अंक न् अंक ताडून बघा. नंबराभोवती ग्राइंडरच्या खुणा, वेगळ्या वळणाचे आकडे किंवा पाटीचे रिव्हेट नवे दिसले तर सौदा तिथेच थांबवा.

इंजिन चालू असेल तर ते गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा. सगळे प्लग काढा, ठिणगीच्या कॉइलची वायर सोडा, प्लगच्या भोकात गेज लावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला सेल्फने चार-पाच फेरे द्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर वॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाखालची पट्टी, गेलेली. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर चाक ज्यावर वळतं तो किंगपिन किंवा बॉल जॉइंट.

गाडी ठरली की ट्रकवर चढवूनच न्या. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकचे रबर कडक झालेले असतात, टायर वरून चांगले दिसले तरी आतून मेलेले. इंजिन ‘जरा चालवून बघू’ म्हणून सेल्फ मारू नका; चिकटलेली रिंग तुटते नाहीतर अडकलेल्या वॉल्व्हमुळे त्याला हलवणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. अजून ऑइल सोडून थांबा. दोन फेरे मोकळे फिरले की ऑइल आणि फिल्टर बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल बाजूला ठेवून वेगळ्या डब्यातून ताजं पेट्रोल जोडा. बॅटरी जोडण्याआधी बॉडीला प्लस जातो की मायनस ते पाहा. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस असतो, आणि काही गाड्यांची यंत्रणा मुळातच ६ व्होल्टची. आता प्लग बाहेरच ठेवून, कॉइल सोडून, ऑइलच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ फिरवा. काटा हलला की प्लग बसवून, कॉइल जोडून ठिणगी द्या.