बाबांचा नाकारलेला क्लेम असा मिळाला

फोंड्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि आरोग्य विमा कंपनीने क्लेम फेटाळला. कारण काय, तर डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ: ‘रक्तदाब, दहा वर्षांपासून’. म्हणे आजार लपवला! पॉलिसी सात वर्षांची, एकही हप्ता न चुकलेला. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, २०२४ च्या नियमानुसार सलग ६० महिने पूर्ण झाले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. एजंटांनी हे घरोघरी सांगायला हवं.

नकाराचं पत्र लेखी मागून घेतलं. सगळ्या वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार केली. महिना उलटूनही उत्तर नाही, मग विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे गेलो. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो; फी नाही, वकील नाही. सुनावणीआधीच रक्कम खात्यात जमा झाली.