होल्डिंग कंपनीचा शेअर स्वस्त वाटतोय? आधी हा हिशोब करा
होल्डिंग कंपनी म्हणजे मुख्यतः दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगून असलेली कंपनी. २९ ऑक्टोबर २०२४ला अशाच एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर ३.५३ रुपयांवरून थेट २,३६,२५० रुपयांवर गेला. जादू नव्हे, तिच्याकडे एशियन पेंट्सचे शेअर आधीपासूनच होते, भाव ठरवण्यासाठी शेअर बाजाराने घेतलेल्या खास लिलावात त्यांची दखल घेतली गेली इतकंच.

बजाज होल्डिंग्जसारखी कंपनी घेण्याआधी तिचा वार्षिक अहवाल उघडा. तिच्याकडच्या शेअर्सना आजचा बाजारभाव लावा, रोकड मिळवा, कर्ज वजा करा आणि कंपनीच्या एकूण शेअरसंख्येने भागा. बाजारभाव बहुधा या आकड्याच्या बराच खाली दिसेल. हुरळू नका! प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मालक, तिच्याकडचे हे शेअर सहसा विकत नाहीत, म्हणून ही तफावत वर्षानुवर्षं टिकते. त्याच कंपनीची गेल्या पाच-सात वर्षांतली तफावत काढा; आजची त्याहून मोठी असेल तरच पुढचा विचार.