एचबीएसएजी निगेटिव्ह, पण शंका कायम : विषाणूचे बदलते रूप लक्षात घेऊन हिपॅटायटिस बीचे अहवाल कसे वाचावेत

हिपॅटायटिस बीच्या तपासणीत एचबीएसएजी हा विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन (शरीर ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते ते प्रथिन) निगेटिव्ह आला, की विषय बहुधा तिथेच मिटतो, आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते योग्यही असते. मात्र ही चाचणी विषाणू शोधत नाही. किटमधील प्रतिपिंडांना ओळखता येईल अशा आकाराचे प्रथिन रक्तात आहे का, एवढेच ती सांगते.

या विषाणूचा जनुकसंच सुमारे 3,200 अक्षरांचा, म्हणजे अगदी छोटा आहे. त्याची प्रत आरएनएच्या टप्प्यातून, उलट्या प्रतिलेखनाने तयार होते आणि हे काम करणाऱ्या पॉलिमरेज या विकराला (एन्झाइमला) स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे ए ते एच असे आठ जीनोटाइप, म्हणजे विषाणूचे जनुकीय प्रकार, प्रस्थापित झाले आहेत (आय आणि जे हे आणखी दोन सुचवले गेले आहेत) आणि एकाच रुग्णाच्या शरीरातही थोडीथोडी वेगळी रूपे एकत्र नांदतात. पृष्ठप्रथिनाच्या 124 ते 147 या अमिनो आम्लांच्या पट्ट्यावर, ज्याला 'ए डिटर्मिनंट' म्हणतात, बहुतेक किटची आणि लसीमुळे तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचीही भिस्त असते. त्यातील 145 व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आले, तर काही किटना ते प्रथिन ओळखू येत नाही.

म्हणून एचबीएसएजी एकट्याने न वाचता त्यासोबत विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे एकूण प्रतिपिंड आणि पृष्ठभागाविरुद्धचे प्रतिपिंड मागवावेत. गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल, तर बरा झालेला जुना संसर्ग, नुकत्याच झालेल्या संसर्गातील मधला काळ (प्रतिजन नाहीसा झाला, पण त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड अजून दिसत नाहीत असा), सुप्त संसर्ग (प्रतिजन सापडत नसतानाही विषाणूचे डीएनए शरीरात असणे), बदललेला प्रतिजन किंवा त्या प्रतिपिंडांचाच खोटा निकाल, अशा अनेक शक्यता उरतात. गाभ्याविरुद्धच्या आयजीएम प्रतिपिंडांनी (संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या) मधल्या काळाचा अंदाज येतो. बाकीचा उलगडा डीएनए चाचणीने करावा. सुप्त संसर्गात डीएनए सहसा दर मिलिलिटरला 200 आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा कमी असते. ते त्याहून पुष्कळ जास्त असूनही प्रतिजन सापडत नसेल, तर बदललेल्या प्रतिजनाचा संशय घ्यावा आणि नमुना वेगळे प्रतिपिंड वापरणाऱ्या दुसऱ्या किटवर तपासावा. त्याच किटवर तीनदा तपासून तोच निकाल आला, तर त्यातून फक्त किटचे सातत्य सिद्ध होते. खात्रीसाठी एस जनुकाचे सिक्वेन्सिंग करावे.

संशयाचा उंबरठा कोणासाठी खाली आणावा, हेही ठरवून ठेवावे : लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेले तयार प्रतिपिंड) मिळूनही संसर्ग झालेले बाळ, यकृत प्रत्यारोपणानंतर इम्युनोग्लोब्युलिन घेणारे रुग्ण आणि दीर्घकाळ लॅमिव्हुडिन हे विषाणूविरोधी औषध घेतलेले रुग्ण. शेवटच्या गटाचे कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पॉलिमरेज आणि पृष्ठप्रथिन यांची जनुके एकमेकांवर पसरलेली असल्याने औषधाला दाद न देणारा बदल कधीकधी पृष्ठप्रथिनही बदलतो. प्रतिजन आणि त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड दोन्ही पॉझिटिव्ह आले, तर आधी नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे पाहावे. पण ती झालेली नसेल, तर निकाल चूक म्हणून बाजूला सारू नये.

एचबीईएजी, म्हणजे विषाणूची वाढ चालू असल्याची खूण मानला जाणारा ई प्रतिजन, याच्या बाबतीत फसगत याहून जास्त वेळा होते. जनुकसंचातील 1896 व्या जागी जी या अक्षराऐवजी ए हे अक्षर आल्यास ई प्रतिजन तयार होणेच थांबते, विषाणूची वाढ मात्र चालू राहते. ए जीनोटाइपमध्ये हा बदल क्वचित आढळतो. डी जीनोटाइपमध्ये तो बराच दिसतो. तेव्हा ई प्रतिजन निगेटिव्ह असूनही एएलटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) वाढलेले असेल, तर डीएनए मोजल्याशिवाय रोग शांत आहे असे लिहू नये.

डीएनए चाचणीही या विविधतेपासून पूर्णपणे मुक्त नाही. प्रायमर (चाचणीत डीएनएला चिकटणारा छोटा तुकडा) जिथे चिकटतो तिथेच बदल झाला, तर मोजमाप कमी येते. शक्य असल्यास जनुकसंचाचे दोन भाग तपासणारी पद्धत निवडावी आणि पाठपुराव्यात पद्धत बदलू नये. प्रत्येक रुग्णाचा जीनोटाइप काढण्याची मात्र गरज नाही. इंटरफेरॉन या औषधाचा विचार असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण ए आणि बी जीनोटाइपमध्ये प्रतिसाद सी आणि डीपेक्षा चांगला मिळतो; एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही विषाणूविरोधी औषधे द्यायची असल्यास त्याने निर्णय फारसा बदलत नाही.

नमुना पाठवताना अर्जावर लसीकरण, इम्युनोग्लोब्युलिन आणि आधीची औषधे यांची नोंद करावी, तसेच प्रयोगशाळेने अहवालावर किटचे नाव आणि पद्धत छापावी, म्हणजे दोन ठिकाणचे निकाल जुळले नाहीत, तर शोध कुठून सुरू करायचा हे कळते.